केशर म्हणते

सिकंदराबाद
कार्तिक वद्य ६, शके १८४५

गहिनीनाथास उत्तरेश्वरचा रामराम. वर श्री काढलेला नाही. कागद लहान आहे आणि बोलायचं फार आहे.

तुझं तिसरं पत्र पोचलं. बे, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, पण मजकूर काय असतो त्यात? 'केशर खुशाल आहे. केशर म्हणते की तुमची वाट पाहते. कळावे.' तिन्ही पत्रांत हेच. एवढ्यासाठी दौत भिजवायची कशाला? ती शेतावर जाते का, तिची भामाआत्या आता चालती-फिरती आहे का, माझं नाव निघालं की घरात काय बोलतात, काही एक नाही. तू मेहुणा झालास ते मागून, आधी दोस्त होतास. पंतोजीकडं आपण एकाच पाटीवर धुळाक्षरं गिरवली. मी तिसरीतून उठलो, तू बसून राहिलास. म्हणून आज लिहिणारा तू आणि टपालवाल्याच्या तोंडाकडं बघणारा मी.

बायकोला सरळ पत्र घालायची सोय नाही. तिला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी सासऱ्यांच्या देखत जावयाचा कागद लेकीच्या हातात कोण देणार. जे सांगायचं ते तुझ्या तोंडानं, जे ऐकायचं ते तुझ्या बोरूनं. म्हणून म्हणतो, जरा सैल हातानं लिही.

आता माझी खबर तिला नीट वाचून दाखव. मी स्टेशनाजवळच्या बायस्कोपच्या थेटरात आहे. पत्र्याचं आहे पण मोठं आहे. पुढं खुर्च्यांवर गोरे सोल्जर आणि रेल्वेचे बाबू बसतात. पडद्याच्या मागं जमिनीवर टांगेवाले, हमाल, भाजीवाल्या. पडदा पातळ मांजरपाटाचा. त्याच्यावर पाणी मारलं की मागूनसुद्धा चित्र दिसतं. ते पाणी मारायचं काम माझं. तोंड वाकडं करू नको, पाणी कमी पडलं तर मागची निम्मी माणसं आंधळी होतात.

चित्रं मुकी असतात. मधी मधी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात इंग्रजी मजकूर येतो. तो कल्याणराव वाचतात आणि दखनीत न् मराठीत मोठ्यानं सांगतात. परळीकडचे लिंगायत आहेत, रेल्वेच्या पार्सल हापिसातून पेन्शनीवर उतरलेले. हातात वेताची काठी, पडद्याच्या कडेला उभे. ते बोलले की चित्राला जीव येतो. आता त्यांची नजर जायला लागली आहे. मालक मला म्हणाला, 'तू शीक, पुढं तूच उभा राहा.' म्हणून मी इंग्रजी शिकतो आहे.

शिकतो म्हणजे काय, तेही ऐक. पहिले पाच महिने मी पडद्यामागं बसून अक्षरं पाटीवर उतरून घेतली. रोज. डोळे लाल व्हायचे. मग एक दिवस पाटी कल्याणरावांपुढं ठेवली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, आणि हसता हसता खाली बसले. 'उत्तरेश्वर, हे इंग्रजी तू आरशात बघून लिवलं का बे?' मागून सगळंच उलटं दिसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाच महिने पाण्यात. पाटी फोडणार होतो, त्यांच्या बायकोनं, दानम्माबाईनं हातातून काढून घेतली.

तरी मी सोडलेलं नाही. कहाणी सांगणारा झालो की खोली घेतो आणि केशरला न्यायला येतो. सासऱ्यांना सांग, जावई बादलीवाला राहणार नाही. आणि तिला विचार, इकडं यायला तयार आहे का. ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत लिही.

उत्तरेश्वर


मार्गशीर्ष शुद्ध ११

गहिनीनाथ,

उत्तर नाही. म्हणून दुसरं घालतो.

सध्या एक मोठी कहाणी लागली आहे, दर आठवड्याला दोन भाग. एक म्हातारा जज्ज त्याच्या खोलीत मरून पडलेला सापडतो. दार आतून बंद. त्याला एक लेक आहे, एक भाचा आहे, एक डॉक्टर आहे, आणि लेकीवर जीव असणारा एक गरीब पोरगा आहे. खून कुणी केला ते शेवटच्या भागापर्यंत सांगत नाहीत. लोक वेडे झालेत. टांगेवाले गिऱ्हाइकाला सोडून भांडतात.

दुपारी थेटर मोकळं असतं. मी रिळं उलटी गुंडाळतो आणि कल्याणराव खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात. तीच माझी शाळा. ते पुस्तक काढत नाहीत. सरळ विचारतात, 'शक कुणावर?'

मी म्हणालो, 'भाच्यावर.'

'कावून?'

'त्याचं तोंडच तसं हाय.'

'तोंडावरून धरायचं म्हटलं तर आधी तुला फाशी द्यावी लागंल. दुसरं बोल.'

मग मी डोकं खाजवून सांगतो की त्याच्या कोटाचं बटण जज्जाच्या गालिच्यावर पडलं होतं. तेव्हा ते शब्द देतात. ज्याच्यावर शक तो सस्पेक्ट. बटण म्हणजे सुराग, त्याला क्लू म्हणायचं. गवाह तो विटनेस. अदालतीतले उर्दू शब्द आपल्याला ठाऊकच आहेत, त्यांच्यावर ते इंग्रजी बसवत जातात. भांडल्याशिवाय शब्द देत नाहीत. नुसता विचारला तर म्हणतात, 'फुकट न्हाई.'

मागच्या आठवड्यात एक शब्द मिळाला. अ‍ॅलिबाय. ज्या वक्ताला गुन्हा झाला त्या वक्ताला मी तिथं नव्हतोच, दुसऱ्या जागी होतो, आणि बघणारे लोक आहेत. एवढं सगळं एका शब्दात! मला तो लई आवडला. रात्रंदिवस तोंडात घोळवतो.

त्याच्यावरून सांगतो. शिवरात्रीच्या जत्रेत परळीला काय झालं ते मी तुला पहिल्याच पत्रात कळवलं होतं. केशरला आणि भामाआत्याला बैलगाडीत ठेवून मी बायस्कोपचा तंबू बघायला गेलो. तिथं त्यांचा माणूस कमी होता, त्यांनी मला धरून कामाला लावलं आणि सोडलंच नाही. तंबू हलला, मीही त्यांच्याबरोबर, असं करत करत या थेटरात पोचलो. माझा त्यात काय गुन्हा? मी हे कल्याणरावांना सांगितलं. म्हणालो, माझ्याकडं अ‍ॅलिबाय हाय, मी तंबूत होतो, शंभर माणसांनी बघितलं.

ते काडीनं दात कोरत होते. म्हणाले, 'आणि गुन्हा कुठं झाला म्हणतोस?'

म्हणालो, 'झालाच न्हाई. लोक म्हणत्यात गाडीपाशी झाला.'

'मग तू गाडीपाशी नव्हतास, हाच तर गुन्हा झाला की बे. ह्याला अ‍ॅलिबाय कसा म्हणतोस?'

मला ते काही पटलं नाही. म्हातारे झालेत, बोलतात काहीही.

इकडं यायचं विचारलं होतं, त्याचा जवाब लगेच पाठव.

उत्तरेश्वर


पौष शुद्ध ३

गहिनीनाथ,

तुझं पत्र आलं. हातात घेऊन थेटराच्या पायरीवर बसलो तो उठलोच नाही. मालक ओरडला, पडदा कोरडा राहिला, मागची माणसं शिव्या देऊन गेली. तुझ्या चार ओळींनी.

'केशर म्हणते की काडीमोड करावी. पाडव्याच्या आत पंचांपुढे यावे. न आल्यास पंच तुमच्या माघारी निकाल देतील. कळावे.'

कळावे! काय कळावे? तीन पत्रं 'वाट पाहते' आणि चौथ्याला गवताची काडी मोडून टाका, बायको मोकळी, तिनं पाट लावावा? दोन महिन्यांत असं काय झालं? वाट बघणारं माणूस एकदम असं उलटतं का?

मी काय आता तिसरीतून उठलेला गडी राहिलेलो नाही, गहिन्या. मला आता धागा धरता येतो. तुझी चारही पत्रं मी खाली फरशीवर ओळीनं मांडली. शाई एक, बोरू एक, 'केशर म्हणते की' एक. पण बाई काय 'काडीमोड करावी' असं बोलते का? 'करावी' म्हणते का केशर? ती चिडली की 'जा की मग' म्हणते. तू हे घरात बसून रचलंस. हा माझा पहिला क्लू.

आता मोटिव्ह. म्हणजे गुन्हा करायला कारण काय. तेही सांगतो. सुंदररावाची बायको मागल्या वर्षी गेली. माजलगावच्या अंगाला त्याचा मळा आहे, दोन मोटा चालतात, ऊस आहे, आणि त्या मळ्यात तू वाटेकरी आहेस. केशर त्याच्या घरात गेली की तू नुसता वाटेकरी राहत नाहीस, त्याचा पाव्हणा होतोस. सोपं आहे. आमच्या कहाणीतला भाचासुद्धा इतका उघडा पडला नव्हता.

तिला बिचारीला ठाऊकही नसेल. ती तिकडं जात्यावर बसून माझी वाट बघत असेल, आणि तू माझी पत्रं तिला वाचून दाखवतोस तरी का? का तेही 'उत्तरेश्वर म्हणतो की' करून तुला पाहिजे ते सांगतोस?

सासऱ्यांना सांग, आश्रुबांना, की जावई येणार नाही. पंचांनी माघारी काय करायचं ते करावं, मी अदालतीत जाईन. इथं वकिलांच्या पेठेत माझ्या ओळखी झाल्या आहेत.

ओळखी झालेल्या नाहीत. पण होतील.

उत्तरेश्वर


पौष वद्य १२

गहिनीनाथ,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. तुझ्या जागी मीही दिलं नसतं. आज शिव्या देत नाही. एक गोष्ट विचारायची आहे, पण आधी इथं काय झालं ते सांगतो, नाहीतर ती का विचारतो ते तुला कळणार नाही.

शुक्रवारी कहाणीचा शेवटचा भाग होता. कल्याणरावांना ताप. मालक म्हणाला, 'उत्तरेश्वर, घे काठी.' दुपारचा खेळ, थेटर खच्चून भरलेलं. मी दानम्माबाईनं दिलेली धुतलेली टोपी घातली. आणि तोंड चाललं. खून डॉक्टरनं केला होता, ते मी असं सांगितलं की मागून शिट्ट्या आल्या. खुर्चीवरचा एक बाबू वळून बघायला लागला, हा कोण नवीन म्हणून.

मग तो गरीब पोरगा परत येतो. तो काय करून बसलेला असतो, की शक त्याच्यावर आला तेव्हा रातोरात पळून गेलेला. जज्जाची लेक एकटी पोलिसांना तोंड देत राहिलेली. आता खरा खुनी सापडला, म्हणून हा तिच्या दारात उभा. ती ओठ हलवते आणि पाटी येते. बारके बारके शब्द होते. सगळे मला येत होते. 'तुझ्या वाटचं उत्तर मला एकटीला द्यायला लावून तू गेलास. आता जा.' एवढंच होतं.

गहिन्या, मी ते वाचलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, 'ती म्हणते, आलास बरं झालं, आता कुठं जाऊ नको!'

थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. टोप्या उडाल्या. आणि पुढच्या चित्रात तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

मागून एक टांगेवाला उठला, 'अबे, आत्ता जाऊ नको म्हणली ना? मग दार कावून लावली?'

दुसरा म्हणतो, 'दार लावून घेतलं, तो आत हाय.'

'कुठं आत? भायेर उभा हाय की येड्यावानी!'

मग जो हशा झाला. शेवटची पाटी मी काय सांगितली ते मला आठवत नाही. बाबूनं मालकाला बोलावून कानात सांगितलं. संध्याकाळच्या खेळाला काठी मालकाच्या हातात आणि बादली माझ्या.

शनिवारी कल्याणराव ताप अंगात घेऊन आले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, 'तुला शब्द येत नव्हते का?'

'येत होते.'

'मग पडद्यावर लिवलंय तेवढंच सांगायचं. तुला काय पायजे होतं ते कुणी इचारलं?'

मी चिडलो. म्हणालो, लोकांना ते आवडलं असतं. म्हणाले, 'लोकांना आवडलं होतं की. दार लागेपर्यंत.'

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. तरी त्यांच्या मागं त्यांच्या घरी गेलो आणि रागानं त्यांना तुझी पत्रं दाखवली, म्हणालो, इथं बघा, माझा मेहुणा काय करतो, तो नाही का मनाचं सांगत? माझ्यावरच कावून डाफरता? मी माझा सगळा मुकदमा मांडला, क्लू, मोटिव्ह, सुंदररावाच्या मोटा. ते मान हलवत ऐकत होते. त्यांनाही तू सस्पेक्ट वाटायला लागला होतास. दानम्माबाई भाकरी थापत होत्या. हात पिठात तसाच ठेवून म्हणाल्या,

'तुमी दोघं दुपारपासून पोलिसासारखं बोलायलात. चारी पत्रं झाली, भावाचा शक झाला, त्या ऊसवाल्याचा शक झाला. त्या पोरीला कुणी काय इचारलं का?'

कल्याणराव म्हणाले, 'तिला विचारायचं तर त्याच भावाच्या तोंडानं विचारायला लागतं. मग खरं कसं कळणार?'

'असं काय तरी इचारा की जे तिला एकलीलाच ठावं हाय. भाऊ कुठून रचंल ते?'

तर ते विचारतो. परळीला गाडीतून उतरताना मी केशरला एक वाक्य बोललो होतो. भामाआत्या तेव्हा झोपली होती आणि तिला तसंही कमी ऐकू येतं. मी ते कधी कुणाला सांगितलेलं नाही, कुठल्या पत्रात लिहिलेलं नाही. ते काय होतं, तिला विचार आणि लिही.

उत्तर आलं नाही किंवा चुकलं, तर मी समजेन की काडीमोड तुझ्या डोक्यातून निघालेली आहे. मग मी येणार नाही, आणि तुझी माझी ओळख संपली.

बरोबर आलं तर काय, ते लिहीत नाही. बरोबर उत्तर येणारच नाही.

उत्तरेश्वर


माघ शुद्ध १४

गहिन्या,

सतरा दिवस झाले. टपाल तुमच्या तेलगावाला चार दिवसांत जातं. विचारलं का नाही तिला? विचारलं असतं तर एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो? तुला ते ठाऊक नाही म्हणून गप्प बसलास. माझी खात्री झाली. दानम्माबाईंना मी तसं सांगितलं, त्या म्हणाल्या थांब. मी काय थांबणार. कुणासाठी?

उ.


फाल्गुन शुद्ध ८

गहिनीनाथ,

तुझं पत्र आलं त्याला आज नऊ दिवस झाले. रोज लिहायला बसतो. आज लिहितोच.

तू लिहिलंस की पहिली तिन्ही पत्रं तुझी होती. ती काही बोलायचीच नाही. तू माझं पत्र घेऊन बसलास की ती उठून गोठ्यात जायची. मी परत यावं, दोस्त परत यावा, म्हणून तू 'वाट पाहते' लिहीत राहिलास. आणि मार्गशीर्षात पत्र वाचून दाखवलंस त्या दिवशी ती बसून होती. त्यात मला धरून कामाला लावलं, सोडलं नाही, असं होतं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. 'काडीमोड कर म्हणावं.' एवढंच. 'करावी' तू केलंस. सुंदररावानं गेल्या आषाढातच दुसरी बायको केली, हेही लिहिलंस. आणि मी माझा मुकदमा इतक्या जणांना सांगितला होता.

आणि खाली तू लिहिलंस की यापुढचं जसंच्या तसं तिचं आहे, तिनं तुझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ते मी इथं पुन्हा उतरतो. तू लिहिलेलं मला बरोबर वाचता आलं आहे का ते मला बघायचं आहे.

'त्याला म्हणावं, तू बोललास, बैल सोडू नको, आत्ता येतो. मी न्हाई सोडले. दिवस मावळला. बाजूच्या गाड्या सुटल्या, माणसं जेवली, मला भाकरी दिली. ती मी तुझ्यासाठी ठेवली. एक बाई म्हणली, बैल सोड गं, मुकी जित्राबं हायती. मी म्हणलं, ते आत्ता येतील. आत्या जागी झाली, तिलाबी तेच म्हणलं. बैल पाण्यासाठी वरडत होते. उजाडलं तवा मी तंबूकडं गेले. तंबू नव्हता. नुसती मेखांची भोकं होती. मग परळीच्या एका म्हाताऱ्यानं बैल सोडले. जू उचललं तर पवळ्याच्या मानेचं कातडं त्याच्यासंगं आलं. तू मला नेलं न्हाई त्याचं मला कायी वाटत न्हाई. सोडू नको म्हणला आन मी सोडले न्हाई, त्याचं मला वाटतं. घरी सगळ्यांनी तेच इचारलं, कावून न्हाई सोडले. मी काय सांगणार. आता त्याला म्हणावं, काडी मोडायला ये. सकाळी येऊन पारावर बस. मी माझं काम आवरून येईन. किती वेळ लागंल ते सांगणार न्हाई.'

बरोबर वाचलं ना मी?

आता माझं ऐक. तुझ्यासाठी लिहीत नाही, तिला वाचून दाखवायला लिहितो.

मला कुणी धरलं नव्हतं. खेळ संपला तेव्हा रात्र नुकतीच पडली होती. मी बाहेर पडत होतो. मशीनवाला म्हणाला, 'ए, जरा हात दे.' मी हात दिला. पेटी गाडीत चढवली. म्हणाला, चढ, पुढच्या गावापर्यंत धरून बस, पेटी हलते. मी चढलो. एवढंच झालं. गाडी गंगाखेडच्या वाटेला लागली तेव्हा वळणावरून आपली गाडी दिसत होती. कंदील लावलेला होता. बैल जुंपलेले दिसत होते. एवढ्या लांबून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. माझ्या मांडीवर मशीनचं भिंग होतं, फडक्यात गुंडाळलेलं. मला वाटत होतं की सकाळी परत येऊ. सकाळी वाटलं, उद्या. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, आणि लाजेवर मी एक एक पत्र लिहीत गेलो.

बैलाचं मला ठाऊक नव्हतं. हे खरं आहे, पण ते मी विचारलंही नव्हतं. इतकी पत्रं लिहिली, भामाआत्याचं विचारलं, सासऱ्यांचं विचारलं, त्या रात्री तुम्ही घरी कशा पोचलात हे एकदाही विचारलं नाही.

काल मालकाला सांगितलं, मी जातो. म्हणाला, गेलास तर बादली दुसऱ्याच्या हातात जाईल. म्हणालो, जाऊ दे. कल्याणरावांनी काही शब्द दिला नाही. दानम्माबाईंनी वाटेसाठी शेंगाची पोळी बांधून दिली आहे, आणि दोनदा म्हणाल्या की तिथं जाऊन जास्ती बोलू नको.

परभणीपर्यंत आगगाडीनं येतो, तिथून पाथरीवरून मिळेल ते, नाहीतर पायी. वद्य दशमीला सकाळी तेलगावात असेन. पारावर बसतो. खळ्याचे दिवस आहेत, तिला कामं असतील, सगळी उरकू दे. दुपार झाली तर दुपार, दुसरा दिवस उजाडला तर उजाडला. पाणी विचारायला सुद्धा कुणी येऊ नका. पंचांना म्हणावं, ती येईल तेव्हा या, माझ्यासाठी येऊ नका.

गहिन्या, तुला मी सुंदररावाचा दलाल करून टाकलं, काय काय बोललो. त्याचं तोंडावर काय ते बोलू. तू मला परत बोलवायला खोटं लिहिलंस आणि मी ते खरं धरून बसलो, हे काही तुझ्या एकट्याच्या अंगावर टाकत नाही.

एकच मागणं आहे. हे पत्र तिच्यापुढं वाच. माझं वाईट दिसतं म्हणून काही गाळू नको. आणि वाचून झाल्यावर ती काय म्हणाली, गप्प बसली का उठून गेली, ते मला लिहू नको. मी येतोच आहे. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

उत्तरेश्वर